एमएस्सी म्हणजे नक्की काय, आणि ती पदरात पडते कशी?

चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: "बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात एवढं शिकलेली मी पहिलीच. सगळे म्हणतात एमएस्सी कर, पण एमएस्सीत नक्की काय करतात ते कुणी सांगत नाही. वडील विचारतात, अजून दोन वर्षं घालून काय वेगळं होणार? मैत्रिणी म्हणतात, ॲडमिशन घेऊन ठेव आणि बाजूला एमपीएससी कर. ॲडमिशन कसं होतं, खर्चाचं काय, आणि शेवटी ही पदवी कशासाठी?"

ताई, तुमच्या वडिलांचा प्रश्न यात सगळ्यांत मोलाचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. खान्देशात एमएस्सीच्या वर्गांना केमिस्ट्री शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली. दर वर्षी पेरण्या आटोपल्या की असे वडील मुलीला घेऊन विभागात येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात आणि हेच विचारतात. त्यांना "चांगली नोकरी लागेल" एवढं सांगून मोकळं होणं मला कधी पटलं नाही. कपाशीच्या पैशातून फी भरणाऱ्या माणसाला पूर्ण उत्तर मिळायला हवं.

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही जे जे केलंत, त्याचं उत्तर सरांना आधीच माहीत होतं. मीठ कुठलं दिलंय, रीडिंग किती यायला हवं, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. तुम्ही त्या उत्तरापर्यंत पोचायचं होतं. पदव्युत्तरच्या दोन वर्षांत कधीतरी अशी वेळ यावी लागते, की समोरच्या प्रश्नाचं उत्तर वर्गात कुणालाच माहीत नाही, तुमच्या गाईडलाही नाही. ते शोधायचं, पुराव्यानिशी लिहायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर उभं राहून सांगायचं, ही जबाबदारी तुमची. एका विषयात इतकं खोल जायचं की त्यातला एक लहानसा प्रश्न आपल्या हिमतीवर सोडवता यावा, याला मी पदव्युत्तर पदवी म्हणतो. बाकी सगळं, पेपर, सेमिस्टर, श्रेयांक (क्रेडिट), हे तिथवर पोचवण्यासाठी आहे.

एक प्रसंग सांगतो म्हणजे नीट कळेल. यावल तालुक्यातल्या एका मुलीने प्रोजेक्टला आपल्या परिसरातल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्याचा कठीणपणा घेतला होता. विषय साधा, पण जागा फार चांगली. सातपुड्याच्या पायथ्याचा यावल-रावेरचा पट्टा केळीचा, आणि केळी म्हणजे बारमाही पाणी. उपसा वाढत गेला तसं भूजल खोल गेलं, हे तिथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. तिने नमुने आणले. पद्धत तुम्हालाही येते: पाण्यात पीएच 10 चं बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टी या इंडिकेटरचे थेंब टाकायचे, वाइनसारखा लाल रंग येतो, मग ब्युरेटमधून ईडीटीए, म्हणजे कठीणपणा मोजायचं रसायन, सोडत जायचं. लाल जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं.

एका बोअरच्या नमुन्याला तो निळा येईचना. ईडीटीए घालत गेलं तरी जांभळट रंग रेंगाळत राहायचा, आणि तीनदा केलं तर तीन वेगळी रीडिंग यायची. बीएस्सीत असं झालं की आपण शेजारणीच्या वहीत बघतो. तिने तसं केलं नाही. ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, याचं उत्तर येत नाही, पण बाकीच्यांचं येतंय, म्हणजे माझा हात चुकत नाहीये." मी तिला उत्तर दिलं नाही, वाचायला सांगितलं. दोन दिवस ग्रंथालयात बसून तिला सापडलं की पाण्यात लोह किंवा तांबं असेल तर ते इंडिकेटरला घट्ट धरून ठेवतं आणि ईडीटीएला सोडवून देत नाही. मग तिच्या लक्षात आलं की हा नमुना तिने बऱ्याच दिवसांच्या बंद मोटरीचा घेतला होता, पहिल्याच धारेचा. गंजलेल्या पाइपातलं पाणी. ती परत गेली, मोटर चांगली वेळ चालू दिली, मग बाटली भरली. नव्या नमुन्याला रंग झटकन निळा झाला. जुन्या नमुन्यात तिने ट्रायइथेनॉलअमाइन घालून लोह बांधून टाकलं, तेव्हा त्याचाही शेवट नीट दिसला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं, "हा आकडा दोनदा का दिलाय?" तिने सगळं सांगितलं. कुठल्या दिवशी, कुठल्या मोटरीचं, किती वेळाने. ते ऐकताना मला जो आनंद झाला तो अजून तसाच आहे.

तर वडिलांना सांगा, फरक हा. दोन वर्षांनी मुलीला जास्त उत्तरं पाठ असतील असं नाही. उत्तर येत नाही तेव्हा काय करायचं ते तिला येईल. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, कॉलेजात, पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत, माणसाला पगार मिळतो तो बहुतेक याच कामाचा.

आता ही दोन वर्षं बांधलेली कशी असतात ते. राष्ट्रीय शिक्षण धोरण महाराष्ट्रात पदव्युत्तरला 2023-24 पासून लागू झालं. चार सेमिस्टर, एकूण 80 ते 88 श्रेयांक. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे साधारण 15 तासांचं शिकवणं, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे 30 तास. म्हणजे चार श्रेयांकांचा पेपर हा 60 तासांचा वर्ग, वर घरी जे वाचाल ते वेगळं. मुख्य विषयाचे सक्तीचे पेपर असतात, काही निवडीचे. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा चार श्रेयांकांचा पेपर. दुसऱ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रप्रकल्प, तोही चारचा. मग तिसऱ्या सेमिस्टरला चार आणि चौथ्याला सहा श्रेयांकांचं संशोधन प्रकल्पाचं काम.

हे शेवटचे दहा श्रेयांक म्हणजे पदवीचा जीव. आणि दुःखाची गोष्ट अशी की आपल्याकडे सगळ्यांत जास्त हेळसांड त्यांचीच होते. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बांधून मिळणारे प्रोजेक्ट मी पाहिलेत, सोनेरी अक्षरांचं कव्हर आणि आत मागच्या वर्षीच्याच ओळी. असं करणाऱ्या मुलाचं फार मोठं नुकसान होतं, कारण दोन वर्षांत खरोखर शिकायची जी एक जागा होती तीच त्याने विकत घेतली. नियमाच्या अंगानेही हे महागात पडू शकतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 10 ते 40 टक्के निघालं तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते.

एक वर्ष करून थांबायची सोयही आता आहे. पहिल्या दोन सेमिस्टरचे 40 ते 44 श्रेयांक मिळवले तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण अशा कारणांनी ज्या मुलींचं शिक्षण पूर्वी "सुटलं" म्हणून संपायचं, त्यांच्या हातात निदान काहीतरी राहतं, म्हणून मला ही तरतूद मनापासून आवडते. तुमचे श्रेयांक ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. त्याचा आयडी काढलेला नसेल तर आजच काढा आणि नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तसंच ठेवा. नावातल्या एका वेलांटीपायी निकाल अडकलेले विद्यार्थी दर वर्षी कार्यालयात खेटे घालत असतात.

तुम्ही नव्या धोरणाखाली बीएस्सीला आला असाल तर तुमच्यापुढे आणखी एक वाट आहे. तिसऱ्या वर्षानंतर चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं आणि मग एका वर्षाची एमएस्सी. एकूण वर्षं पाचच. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के लागतात. आणि चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला थेट अर्ज करता येतो, मध्ये एमएस्सी सक्तीची राहत नाही. तरीही माझा सल्ला विचाराल तर, चौथ्या वर्षासाठी तुमच्या कॉलेजात लॅब आणि गाईड खरोखर आहेत का ते आधी बघा. नसतील तर तीन अधिक दोन हीच वाट धरा आणि त्या दोन वर्षांसाठी चांगला विभाग निवडा.

विभाग निवडताना लोक कॉलेजचं नाव बघतात. मी सांगेन, गेल्या दोन-तीन वर्षांतले प्रोजेक्ट बघा. आपल्याकडे जागा कमी नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे आपलं उमवि, 1990 साली स्थापन झालं. त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती आणि साध्या मार्कशीटसाठी पोरांना पुण्याची रात्रीची गाडी धरावी लागायची. आता जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे उमविच्या कक्षेत आहेत. विद्यापीठाच्या आवारात रसायनशास्त्राची प्रशाळा आहे. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही दोन्ही कॉलेजं 1945 ची, दोन्ही आज स्वायत्त. धुळे, शिरपूर, नंदुरबारलाही पदव्युत्तरचे वर्ग आहेत. कुठेही गेलात तरी विभागात जाऊन शांतपणे विचारा: प्रोजेक्टचे रिपोर्ट बघायला मिळतील का? एका गाईडकडे किती विद्यार्थी असतात? स्पेक्ट्रोफोटोमीटर विद्यार्थ्यांना हाताळू देतात की कपाटात ठेवलाय? पूर्ण वेळ शिक्षक किती, आणि तासिका तत्त्वावर किती? चांगला विभाग या प्रश्नांनी रागावत नाही. उलट अशी मुलगी आपल्याकडे यावी असं त्यांना वाटतं.

स्पेशलायझेशनही तेव्हाच विचारून घ्या. ऑरगॅनिकला उद्योगात मागणी जास्त, आणि गुजरातमधली अंकलेश्वर, वापी, सुरत ही कारखान्यांची गावं आपल्याला जवळची. खान्देशातल्या किती घरांची चूल तिथल्या शिफ्टवर पेटते. ॲनॅलिटिकल केलेल्यांना क्वालिटी कंट्रोलमध्ये, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) काम मिळतं. फिजिकल आणि इनऑर्गॅनिक पुढे शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर जास्त फळतात. पण मागणी बघून न आवडणारा विषय घेऊ नका. तिसऱ्या सेमिस्टरला रात्री साडेदहाला जे पुस्तक उघडावंसं वाटेल, तो विषय तुमचा.

आता प्रवेश. उमविच्या प्रशाळा, स्वायत्त कॉलेजं आणि बाकीची संलग्न कॉलेजं, प्रत्येकाचं वेळापत्रक आणि पद्धत आपापली असते. कुठे बीएस्सीच्या गुणांवर यादी लागते, कुठे प्रवेश परीक्षा असते. बीएस्सीचा निकाल लागायची वाट बघत बसू नका; मे-जूनमध्ये संकेतस्थळावर सूचना लागली की फॉर्म भरून टाका. दोन-तीन ठिकाणी भरा.

खान्देशाबाहेर जायची हिंमत असेल, आणि असायला हरकत नाही, तर दोन परीक्षा ध्यानात ठेवा. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम. ती फेब्रुवारीत होते, पण फॉर्म आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतात आणि आपली मुलं नेमकी तिथे चुकतात, कारण निकालानंतर विचार करायची आपल्याला सवय. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, तिचाही फॉर्म निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. दोन्ही परीक्षांना शेवटच्या वर्षात असतानाच बसता येतं. जॅमचा पेपर म्हणजे बीएस्सीच्या तीन वर्षांचाच अभ्यास, पण समजून केलेला. शिरपूर-साक्रीकडची मुलं ती पास होत नाहीत, हा समज आहे. फॉर्म भरत नाहीत, हे खरं.

हे उत्तर वाचणाऱ्यांत दुसऱ्या शाखांचेही असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. एमबीए, एमसीए, एमएड यांना राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा लागते. एमटेकला गेट, एमफार्मला जीपॅट, डॉक्टरांच्या एमडी-एमएसला नीट-पीजी. शेतीतल्या पदव्युत्तरसाठी आपला भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात येतो. बीएस्सी होऊन एमए करायचं तर तेही अनेक विषयांत चालतं.

एमएवाल्यांना मात्र दोन शब्द जास्त सांगावेसे वाटतात, कारण "एमए म्हणजे टाइमपास" हे वाक्य मला फार लागतं. आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून उभं आहे. मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रं तिथे हाताशी आहेत. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची हस्तलिखितं आहेत. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर प्रताप शेठजींच्या दातृत्वातून 1916 साली निघालं. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथेच शिकायला, आणि नंतर प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. कानबाई या आपल्या खान्देशी देवीच्या उत्सवाच्या रात्री आपल्या आया-आज्या जी अहिराणी गाणी म्हणतात, त्यातली कितीतरी अजून कागदावर आलेली नाहीत. मराठीच्या एका विद्यार्थ्याला मी माझ्या विभागाबाहेरून एवढंच सुचवलं होतं की आजीचं गाणं रेकॉर्ड करताना तिला मध्ये थांबवू नकोस, आणि गाणं झालं की कुठल्या गावाकडून शिकलीस ते विचार. त्याच्या आजीचं माहेर शिंदखेड्याकडचं, सासर एरंडोलकडचं. एकाच गाण्याची दोन रूपं निघाली आणि त्याच्या प्रबंधाला विषय मिळाला. ही सामग्री पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला भाड्याची खोली घेऊन मिळवावी लागते. आपल्याकडे ती घरातच आहे.

खर्चाचं विचारलंत. बहुतेक कॉलेजांत पदव्युत्तरचे वर्ग विनाअनुदानित असतात, त्यामुळे बीएस्सीची फी डोळ्यासमोर ठेवून हिशेब करू नका. प्रवेशाआधी पूर्ण फी लेखी मागा, प्रयोगशाळा, परीक्षा, नोंदणी सगळं धरून. दुसऱ्या वर्षाची फीही विचारा. मग महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तुमच्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती किंवा फी सवलत बघा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा आठ लाख. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार. मुलींना शंभर टक्के फी माफीचा जो निर्णय 2024 च्या जुलैमध्ये झाला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे; साध्या एमएस्सीला तो लागू धरून चालू नका, कॉलेजात विचारून खात्री करा. कागदं मात्र मेमध्येच जमवा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आणि आधारला जोडलेलं बँक खातं. जून-जुलैत सेतू केंद्रावर दहावी-बारावीवाल्यांची गर्दी उसळते, तेव्हा एकेका दाखल्यासाठी आठवडे जातात.

जाण्यायेण्याचा हिशेबही फीसारखाच मांडा. एसटीचा पास स्वस्त पडतो, पण प्रॅक्टिकल दुपारीही असतात आणि रिॲक्शन बसच्या वेळेला थांबत नाही. पहिलं वर्ष ये-जा करून निभतं. दुसऱ्या वर्षी, प्रोजेक्टच्या दिवसांत, लॅबच्या जवळ राहायची सोय करता आली तर नक्की करा. घरचे मुलीला बाहेर ठेवायला कचरतात हे मी जाणतो. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंशी आईची एकदा गाठ घालून द्या, अर्ध्याहून जास्त घरांचा होकार तिथेच येतो.

आता मैत्रिणींचा सल्ला, ॲडमिशन घेऊन ठेव आणि बाजूला एमपीएससी कर. मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. राज्यसेवेला कुठलीही पदवी चालते, एमएस्सीची गरज नाही. आणि केमिस्ट्रीची एमएस्सी बाजूला ठेवून करायची गोष्ट नाही. हजेरी 75 टक्के लागते, आठवड्यातले कित्येक दिवस लॅबमध्ये उभं राहावं लागतं. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या पोरांची अवस्था मी जवळून बघतो: प्रिलिम हुकते, इकडे विषय राहून एटीकेटी लागते, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडून रिकामी. एमपीएससीच करायची असेल तर मन लावून तीच करा. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे आणि त्यात वैकल्पिक विषय आला आहे, तेव्हा जोडीला पदवी हवीच असेल तर त्या विषयातली एमए दूरशिक्षणाने करणं शहाणपणाचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू ही दोन नावं विश्वासाची. मान्यताप्राप्त मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, फक्त त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे का ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत स्वतः बघा. "घरबसल्या सहा महिन्यांत एमए" असा बोर्ड दिसला तर त्या दारात पाऊल टाकू नका.

पुढच्या वाटांबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तर एमएस्सीबरोबर बीएड लागतं. सीनियर कॉलेजला एमएस्सीत 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 50, आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. केमिस्ट्रीची नेट सीएसआयआरची, वर्षातून दोनदा. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. त्या नेटमध्येच जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडीसाठी पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये आणि मग 42,000 मिळतात, वर घरभाडं. शेतकऱ्याच्या मुलीला घरातून एक रुपया न मागता संशोधन करता येईल अशी ही एक मोठी वाट आहे, आणि वयाच्या अटीत मुलींना पाच वर्षांची सूटही आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासूनच तिचा अभ्यास धरा.

पण नेट-सेट झालेली, पीएचडी झालेली कितीतरी माणसं आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. तासाचे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत तेही नाहीत. हे माझे विद्यार्थी आहेत, गुणी आहेत, आणि भरती रखडल्यामुळे त्यांची उमेदीची वर्षं गेली याचा मला राग आहे. म्हणून प्राध्यापकी ही एकच वाट धरून एमएस्सीला येऊ नका. लॅबमधलं काम हाताला असू द्या, जर्नल स्वतः लिहा, दुसऱ्या सेमिस्टरच्या कामाच्या अनुभवासाठी एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात जा. कॉलेजच्याच कार्यालयात सही-शिक्क्यावर भागवू नका. मुलाखतीत "एचपीएलसीवर तुम्ही स्वतः काय काढलंत?" असं विचारतात, तेव्हा टक्केवारी बाजूला राहते.

इंग्रजीचं ओझंही अनेकींच्या मनावर असतं. एमएस्सीची पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पहिलं सेमिस्टर जड जातं, मराठी माध्यमातून आलेल्या जवळजवळ सगळ्यांनाच. रोज एक पान मोठ्याने वाचायचं आणि त्याचा सारांश मराठीत किंवा अहिराणीत मैत्रिणीला सांगायचा. सांगता आला तर कळलंय. 'स्वयम्' या सरकारी संकेतस्थळावर चांगल्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, आणि विद्यापीठाने मान्य केले असतील तर त्यांचे श्रेयांकही जोडून घेता येतात. कॉलेज एन-लिस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहाचं सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या. हजारो इंग्रजी नियतकालिकं आणि पुस्तकं मोबाइलवर उघडतात. हे लॉगिन मागायला वर्षभरात मोजकेच विद्यार्थी येतात, ही ग्रंथपालांची तक्रार मी कायम ऐकतो.

तुम्ही एमएस्सी करावी का? तुम्ही लिहिलंय, "एमएस्सीत नक्की काय करतात हे कुणी सांगत नाही." ज्या मुलीला फॉर्म भरायच्या आधी हे विचारावंसं वाटतं, तिने करावी असं माझं मत आहे, पैशाची सोय होत असेल तर. पुढच्या आठवड्यात एक दिवस काढा. वडिलांना बरोबर घ्या. तुमच्या जवळचा एक विभाग आणि विद्यापीठातली प्रशाळा, दोन्ही एकाच दिवशी बघून होतील. शनिवार टाळा, प्रॅक्टिकल चालू असतील असा दिवस धरा, सकाळी अकराच्या सुमारास जा. वडिलांना लॅबच्या आत न्या आणि तिथे काम करणाऱ्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विचारा, "तुझा प्रोजेक्ट काय आहे?" ती पाच मिनिटं थांबून नीट सांगू शकली, तर तिचा गाईड कोण ते विचारून घ्या आणि त्यांची वेळ मागा.